फाईलवरचा हंडा

बेटेगावच्या रस्त्याला, टायरच्या दुकानाच्या वर, आदिवासींच्या संघटनेचं बोईसरचं ऑफिस आहे. लोखंडी जिना, एक खोली, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर जमुना वरठा बसते. नवा माणूस जिना चढून आला की हमखास तिलाच सांगतो, "बाई, जरा ऑपरेटरला बोलवा." जमुना खुर्चीवरून हलत नाही. म्हणते, "ऑपरेटरच बोलतेय. तुमी बोला." मग समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं. ते बघायला तिला अजूनही आवडतं, खोटं कशाला बोला.

सातवी पास बाई. डोंगरातल्या पाड्यावर वाढली, लग्न करून बोईसरला आली, खोक्यांच्या कारखान्यात हेल्परचं काम केलं. तिथून सुटली ती या ऑफिसात झाडू मारायला लागली. तेव्हा कॉम्प्युटरवर पंढरीकाका बसायचे. मूळचे बार्शीकडचे. तारापूरच्या एका कापड गिरणीत टाइमकीपर होते, संपात उभे राहिले म्हणून गिरणीने त्यांना घरी बसवलं, तेव्हापासून संघटनेत. काका पाड्यांच्या याद्या मोठ्याने वाचत टाइप करायचे आणि जमुना झाडता झाडता चुका काढायची. "तो सुका नाय त्या पाड्यावरचा. त्याचा भाऊ हाय तिथं. सुका खालच्या पाड्यावर गेला, सासऱ्याकडं." तिसऱ्या दिवशी काका खुर्चीतून उठले.

"ये, बस हितं."

"मला नाय येत."

"मला तरी कुठं येत हुतं? जन्मभर पेनानं हजेरी मांडली मी. बस म्हणलं ना!"

अकरा महिने लागले. काकांनी एकदाही माऊस तिच्या हातातून ओढून घेतला नाही. तिचं बोट अक्षर शोधत फिरायचं आणि काका खिडकीतून रस्त्यावरचे ट्रक मोजत बसायचे. शिकवणाऱ्याच्या अंगात एवढा दम असलेला मोठमोठ्या कॉलेजांत बघायला मिळत नाही.

पुढे पालघरला कोर्टाच्या मागे संघटनेने दुसरं ऑफिस काढलं, काका तिकडे गेले, आणि बोईसरची खुर्ची जमुनाची झाली.

दोन्ही ऑफिसांचं काम एकाच फाईलवर चालतं. तिचं नाव 'ठावठिकाणा'. डोंगरातली माणसं दिवाळीनंतर घराला कडी लावून वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जातात. आणि वनजमिनीच्या दाव्यांच्या तारखा नेमक्या त्याच महिन्यांत लागतात. आता हा योगायोग आहे असं कुणी मला सांगायला येऊ नये. तारखेला माणूस हजर नाही, की 'दावेदार गैरहजर' असा शेरा पडतो. बाबूला तो शेरा मारायला अर्धा मिनिट लागतो आणि तीन पिढ्या कसलेलं रान जातं. म्हणून कोणतं कुटुंब आज कुठल्या भट्टीवर आहे, मुकादम कोण, शेजारच्या कुणाकडे फोन आहे, हे सगळं ठावठिकाण्यात लिहायचं, आणि तारीख लागली की माणसाला शोधून पालघरला आणून उभं करायचं. काका तिकडून लिहितात, जमुना इकडून.

फाईल दोन्हीकडे सारखी राहावी अशी सोय धर्मेशने करून दिली होती. धर्मेश बोईसरचा नेटवर्कवाला, कारखान्यांच्या ऑफिसांत वायरी ओढतो. काम झाल्यावर छाती फुगवून म्हणाला होता, "जमुनाबेन, दोनों ऑफिस के बीच सुरंग खोद दी है. तुम इधर रखो, उधर अपने आप पहुँचेगा."

पोचायचं, पण कसं? लाईन म्हणजे थेंब थेंब गळणारा नळ. त्यात प्रत्येक ओळीत रेशनकार्डाचा फोटो चिकटवायची कल्पना जमुना आणि काका दोघांचीच, त्यामुळे फाईल दिवस भरलेल्या बाईसारखी जड. इकडे सेव्ह केली की पालघरला पोचायला पाऊण तास. आणि त्या पाऊण तासात तिकडे कुणी लिहून सेव्ह केलं, तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचं राहायचं आणि आधीच्याचं पुसलं जायचं. दोन्हीकडून! असं तीन-चारदा झालं. धर्मेशला विचारलं तर म्हणाला, मोठी लाईन घ्या, मोठी मशीन घ्या. म्हणजे न घेण्यासारखंच.

तेव्हा तोड जमुनाने काढली. तिच्या पाड्यावर उन्हाळ्यात एकच हापशी चालते. पाणी कमी, बाया फार. दिवसभर कोण उभं राहणार? म्हणून बाया आपला हंडा रांगेत ठेवून घरी जातात. ज्या हंड्याची पाळी, त्याच बाईचं पाणी. बाई नसली तर हाक मारायची, परत हाक मारायची, थांबायचं. दुसरीचा हंडा कुणी उचलून बाजूला ठेवत नाही. ठेवला तर त्या बाईशी पाड्यावर कुणी बोलत नाही.

जमुनाने फोल्डरमध्ये एक कोरी फाईल केली आणि तिला नाव दिलं 'हंडा जमुना'. काकांना फोनवर म्हणाली, "काका, लिहायला बसायच्या आधी तुमचा हंडा ठेवायचा. माझा दिसला त तुमी नाय लिहायचं. आणि लिहून झालं म्हणून लगेच नाय उचलायचा. आपली फाईल पल्याड पूर्ण पोचली, मंगच उचलायचा." हंडा कोरा, त्यात काही वजनच नाही, तो एका मिनिटात तिकडे दिसायचा. काका इतके हसले. मग म्हणाले, "गिरणीत इंजिनेर लोकांना सुचलं नसतं, बघ." सहा वर्षं या हंड्यावर दोन ऑफिसं चालली. एक ओळ हरवली नाही.

यंदा काका अडुसष्टचे झाले. मार्गशीर्षात दोनदा त्यांचा हंडा उचलायचा राहिला, संध्याकाळपर्यंत तो तसाच होता. जमुनाने फोन केला तेव्हा म्हणाले, "आयला, इसरलोच की." एकदा ऑफिसला कुलूप न लावता घरी गेले. संघटनेचे सचिव चंद्रभान तापट माणूस, पण मनाने वाईट नाही. तेसुद्धा म्हणायला लागले, "काकांना आता आराम द्यायला हवा." आराम देणं म्हणजे काय, हे ज्याला दिला जातो त्याला बरोबर कळतं. शनिवारी पालघरला बैठक ठरली. दोन विषय. काकांना निरोप, आणि दोन्ही ऑफिसांचं कॉम्प्युटरचं काम जमुनाकडे.

त्याच्या आधीचा मंगळवार. दुपारी एकच्या सुमाराला जमुनाला लागोपाठ चार फोन आले. मुकादमाने चार कुटुंबं मनोरच्या भट्टीवरून उचलून भिवंडीकडे नेली होती. लगेच लिहायला हवं होतं. फोल्डर उघडलं तर 'हंडा पंढरी'. सकाळी साडेदहापासूनचा.

टायरवाल्याकडचा कुणीतरी चहा द्यायला वर आला होता, तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, "काका परत विसरले वाटतं."

जमुनाने काकांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिने परत लावला नाही. एकदाच लावला. तीन तास होत आले, विसरलेच असणार, असं तिच्या मनाने ठरवून टाकलं होतं. तिने काकांचा हंडा उडवला, चार ओळी लिहिल्या, सेव्ह केलं आणि जेवायला बसली.

संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"जमुना, आज वरच्या पाड्याची एकतीस कुटुंबं आली हुती गं तारखेला. सायबानं सकाळीच पुढच्या गुरुवारची तारीख दिली, मग एकेकाला आत बोलवून लिहून घेतलं, आता कोन कुठं जानार ते. लोक तसेच टेम्पोत बसून पांगले. आता बघतो तर फाईलीत काहीच नाही. एकला लिहून झालं नि मी गोळ्या आनायला दवाखान्यात गेलो, सेव्हच केलं नाही वाटतं."

 काका सकाळपासून आत बसून लिहीत होते. त्यांनी एकला सेव्ह केलं होतं, फाईल वाटेत होती, आणि पोचेपर्यंत नियमाने हंडा तसाच ठेवून ते दवाखान्यात बीपीच्या गोळ्या आणायला गेले होते. त्यांचं सगळं बरोबर होतं. तिचं सेव्ह नंतरचं होतं, म्हणून तिच्या चार ओळी राहिल्या आणि काकांची एकतीस घरं गेली.

हे तेव्हाच बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "होतं काका कधी कधी."

"व्हय," काका म्हणाले. "होतंय खरं आता."

घरी भाकऱ्या थापताना तिने नवऱ्याला सांगितलं. जिवल्या पॉवर प्लांटमध्ये ठेकेदाराकडे काम करतो, बोलायला कमी.

"मंग सांग त्याला," तो म्हणाला.

"सांगितलं त शनिवारी दोन्ही ऑफिसं माझ्याकडं देतील? हिनंच नियम केला नि हिनंच मोडला, बोलतील. शिकलेली असती त चूक बोलले असते. माझं बोलतील, बघा, पाड्यावरची बाई, हिला काय जमतंय."

"बोलतील," जिवल्या म्हणाला. "भाकर करपतेय."

हे तिचं भय काही उगाच नव्हतं. शिकलेल्याची चूक एकट्याची असते, आपल्यासारख्याची चूक अख्ख्या जातीच्या नावावर मांडतात. ज्याने सोसलं नसेल त्याने तिला शहाणपण शिकवू नये. बुधवार गेला, गुरुवार गेला. काका रोज फोन करायचे आणि रोज विचारायचे, "मी आत्ता सेव्ह केलं, पोचलं का बघ." दहा मिनिटांनी परत, "पोचलं का?" सहा वर्षांत असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सोजराबाईंचा, काकांच्या बायकोचा फोन आला. "जमुना, तुझ्यापशी काय बोलले का गं हे? जेवत न्हाईत धड. काल मला म्हनाले, सोजरा, माझं डोकं गेलं तर मला बार्शीला भावाकडं सोड, तू पोरीकडं राहा. असं कुनी बोलतं का?"

जमुनाने फोन ठेवला आणि सकाळची पालघरची एसटी कितीला आहे ते बघितलं.

शनिवारी बैठक अकराची होती. जमुना नऊच्या एसटीने निघाली, उमरोळीच्या पुढे फाटक बंद म्हणून गाडी थांबली तर खाली उतरून परत चढली, नुसती बसवेना. पालघरच्या ऑफिसात काका एकटेच होते. कॉम्प्युटर बंद. टेबल पुसून लख्ख केलेलं. आपली छत्री, डबा, चष्म्याची डबी त्यांनी कापडी पिशवीत भरून ठेवली होती. शर्टाच्या खिशातून कागदाची चिठ्ठी वर आली होती. पाणी द्यायला जमुना वाकली तेव्हा ती तिला वाचता आली. टाइमकीपरचं सुबक अक्षर. 'गॅस बंद केला. दार लावलं. गोळी घेतली. सेव्ह केलं.' प्रत्येकापुढे बरोबरची खूण.

जमुनाने ग्लास टेबलावर ठेवला.

"काका, मंगळवारी तुमी सेव्ह केलं होतं."

"असू दे गं. कशाला माझी समजूत काढतीस."

"समजूत नाय. तुमी सेव्ह केलं होतं आणि हंडा पण ठेवला होता. मी उचलला. मला वाटलं तुमी विसरलात. एकदा फोन केला, नाय उचलला तुमी, मी उचलला हंडा नि लिहिलं वरून. तुमचं माझ्यामुळं गेलं."

 काकांनी अगदी हळू विचारलं, "म्हंजे मी इसरलो न्हवतो?"

"नाय काका."

"एकतीस घरं लिहून, सेव्ह करून, हंडा ठेवून, मग गेलो मी दवाखान्यात?"

"होय."

"आणि तुला हे कधीपास्नं म्हाईत?"

"मंगळवार संध्याकाळपासून."

मग काका असे भडकले की बाहेर कोर्टाच्या आवारात उभी माणसं वळून बघायला लागली. "चार दिस! चार दिस मला येडा केलास तू! रोज सकाळी उठून मी बायकूचं नाव स्वतःशी म्हनून बघतोय, ध्यानात हाय का म्हनून! तुला माऊस धरायला शिकवला मी, आन् तू... जा! जा हितनं!"

जमुना गेली नाही. उभी राहून ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही. काकांचा दम संपला. ते खुर्चीत बसले, चिठ्ठी खिशातून काढून उलटी-सुलटी करत बसले, आणि थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता म्हणाले, "पानी पी तू पन. लांबून आलीस."

बैठक सुरू झाल्यावर चंद्रभाननी कागद काढायच्या आत जमुना उभी राहिली आणि सगळं सांगितलं. तिचं बोलणं संपेपर्यंत चंद्रभान लाल झाले होते.

"अगं, नियम तुझा! तूच मोडतेस? आणि वर चार दिवस गप्प? अशा बाईच्या हातात मी दोन ऑफिसं द्यायची?"

"नका देऊ," जमुना म्हणाली. "पण काकांना निरोपाचा विषय काढा यादीतून. ते विसरले म्हणून तुमी ठरवलं. मीपण तेच ठरवलं, म्हणून तर हे झालं."

"दोनदा हंडा विसरलेच की ते आधी."

"विसरले. तुमी मागच्या महिन्यात मोर्चाला बॅनर विसरलात. तुमाला दिला का आमी निरोप?"

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. चंद्रभाननी टेबलावर हात आपटला, काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात काका उठले.

"मिटिंग तुमची तुमी करा. वरच्या पाड्याची तारीख गुरुवारी परत हाय. मानसं पांगलीत. मंगळवारचं मला अजून दिसतंय, उद्या दिसंल का नाही, सांगत न्हाई. जमुना, मशीन चालू कर."

ते तिच्यामागे खुर्ची ओढून बसले, डोळे मिटले. माणसं त्यांना नावांनी आठवत नव्हती. ती कशी उभी होती, तशी आठवत होती. "दारात पैला सुकाचा भाऊ. कडेवर नातू, नाकाला शेंबूड. तो म्हनला डहानूकडच्या भट्टीवर, मुकादम तोच गेल्या सालचा. त्याच्या मागं दोघं भाऊ, एकाच्या पायाला पट्टी..." जमुना लिहीत गेली. एखादं नाव ऐकलं की तिला पुढचं घर माहीत असायचं, ओठांवर यायचं, पण ती बोलली नाही. बैठकीतली माणसं एकेक करून गप्प झाली. निरोपाचा विषय कुणी काढला नाही, आणि जमुनाच्या नेमणुकीचाही नाही. तो आजपर्यंत तसाच राहिलाय, हेही सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं खरं बोललं की लगेच बक्षीस मिळतं.

सव्वीस झाली, सत्तावीस झाली. अठ्ठाविसाव्याला काका अडकले. डोळे उघडून त्यांनी जमुनाकडे पाहिलं. त्या नजरेत मंगळवारपासूनची सगळी भीती परत आली होती.

"पिवळी पिशवी हुती बाईच्या हातात," ते म्हणाले. "पिवळी. त्यात... थांब..."

चंद्रभान म्हणाले, "राहू द्या काका, ती तीन-चार आम्ही शोधून..."

"थांबा ना जरा," जमुना म्हणाली. बोटं कीबोर्डवरून काढून तिने मांडीवर ठेवली. पाड्यावरची पिवळ्या पिशवीवाली कोण असेल, ते तिला माहीत होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. कोर्टाच्या फाटकातून रिक्षा येत होत्या, जात होत्या. दोन मिनिटं गेली असतील, नाहीतर पाच. कुणी मोजली नाहीत.

"राहीबाई," काका म्हणाले. "पिशवीत कोंबडं हुतं तिच्या. वसईला चाललीय लेकीकडं, भट्टीवर न्हाईच जायाची यंदा. लिही."

जमुनाने लिहिलं.

उरलेली तीन घरं काकांना आठवली नाहीत. ती सोमवारी जमुनाने फिरून शोधली, दोन मिळाली, एक गुरुवारी सकाळी स्वतःच येऊन दारात उभं राहिलं.